कैसरची गादी वाचली असती तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, पण कैसरची, म्हणजे तिथल्या सम्राटाची, गादी काही पडली नाही, अशी एक कल्पित कालरेषा मी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्याख्यानमालांत मांडत असतो. आभारप्रदर्शन उरकतं, चहा फिरतो आणि खरे प्रश्न तेव्हा सुरू होतात. गाव बदललं तरी प्रश्न बहुतेक तेच, म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवतो. खरा इतिहास आहे तिथे तारखा आहेत, कल्पना आहे तिथे 'असता-असती' आहे किंवा 'माझ्या कालरेषेत' असं म्हटलेलं आहे.

अहो, हे म्हणजे 'आत्याबाईला मिशा असत्या तर' असंच झालं की!

झालं खरं. पण हा आक्षेप मराठी माणसानं घ्यावा म्हणजे कमाल आहे. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, थोरले माधवराव आणखी वीस वर्षं जगले असते तर, हे आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर चालतं. मी त्याला फक्त दोन नियम लावतो. बदलायची गोष्ट एकच, आणि ती त्या वेळच्या माणसांच्या खरोखर हातातली असली पाहिजे. त्यामुळे कैसरनं युद्ध जिंकलं, असलं काही इथे मिळणार नाही. इंग्रजी आरमाराची नाकेबंदी, बर्लिनमधली उपासमार, फ्रान्सच्या बंदरांत उतरणाऱ्या अमेरिकन फौजा, सगळं जसंच्या तसं. पराभव ठरलेला आहे. त्याबरोबर गादीही जायलाच हवी होती का, एवढाच वाद.

मग नेमकं बदललंय काय?

एक तारीख. खऱ्या इतिहासात कैसर विल्हेल्म दुसरा ९ नोव्हेंबर १९१८ ला गेला, म्हणजे सगळं हातचं गेल्यावर, आणि तेही आपणहून नाही. माझ्या कालरेषेत तो ऑक्टोबरच्या मध्यावर पायउतार होतो. युद्धबंदीच्या बोलण्यांतलं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचं दुसरं पत्र १४ ऑक्टोबरचं, त्यानंतरच्या आठवड्यात. युवराजही हक्क सोडतो. गादीवर येतो युवराजाचा थोरला मुलगा, नाव त्याचंही विल्हेल्मच, वय वर्षं बारा. राजप्रतिनिधी म्हणून कैसरचा दुसरा मुलगा आयटेल फ्रीडरिश, आणि खरा कारभार संसदेला जबाबदार असलेल्या चान्सलरकडे, म्हणजे पंतप्रधानाकडे.

ही कल्पना माझी नव्हे. समाजवाद्यांचे नेते एबर्ट ६ नोव्हेंबरला लष्कराच्या ग्रोनरना भेटले, तेव्हा जवळजवळ हेच सुचवत होते. कैसर जाऊ दे, युवराज नको, धाकट्या राजपुत्रांपैकी कुणाला तरी राजप्रतिनिधी नेमा. आयटेल फ्रीडरिशचं नावही त्यांनी घेतलं. ग्रोनरनी नकार दिला. राजेशाही वाचवायला समाजवादी धडपडतायत आणि राजाचे सेनापती नको म्हणतायत, असा तो प्रसंग. तिसऱ्या दिवशी जर्मनीत प्रजासत्ताक आलं.

खरंच गादी गेली कशी, ते जरा सांगा की.

२९ सप्टेंबर १९१८ पासून धरू. बेल्जियममधल्या स्पा गावी जर्मन सैन्याचं मुख्यालय होतं. तिथे सेनापती लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबर्ग यांनी त्या दिवशी सांगून टाकलं की ताबडतोब युद्धबंदी मागा, आता निभत नाही. ३ ऑक्टोबरला बाडेनचे प्रिन्स मॅक्स चान्सलर झाले आणि विल्सनना पत्र गेलं. पत्रांची देवाणघेवाण महिनाभर चालली. २३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या पत्राचा मतलब असा होता: लष्करशहांशी आणि राजेशाहीच्या हुकूमशहांशीच व्यवहार करायचा असेल तर वाटाघाटी विसरा, शरणागती द्या. रस्त्यावरच्या जर्मन माणसानं त्याचा सरळ अर्थ लावला की हा एक माणूस गेला तर तह जरा बरा मिळेल.

२८ ऑक्टोबरला घटना बदलून सरकार संसदेला जबाबदार करण्यात आलं. इंग्लंडसारखी राजेशाही कागदावर तयार झाली होती. दुसऱ्याच दिवशी कैसर बर्लिन सोडून स्पाला गेला आणि सेनापतींच्या गराड्यात जाऊन बसला. माझं मत विचाराल तर गादी गेली ती या प्रवासात. राजधानीत संसद आणि मंत्री, राजा मात्र छावणीत, असं चित्र झालं की लोक राजाला कुणाच्या बाजूला मोजणार?

९ तारखेची सकाळ तर जवळून बघण्यासारखी. आघाडीवरून ३९ अधिकारी रातोरात बोलावून आणलेले, प्रवासानं शिणलेले. त्यांना विचारलं, कैसर स्वतः पुढे झाले तर मायदेशातलं बंड मोडायला तुमची माणसं त्यांच्यामागे येतील काय? ठाम हो म्हणणारा एक निघाला. २३ जण नाही म्हणाले, उरलेले १५ चाचरले. ग्रोनरनी कैसरला तोंडावर सांगितलं की सैन्य आपल्या सेनापतींबरोबर शिस्तीत घरी जाईल, तुमच्याबरोबर नाही. इकडे बर्लिनहून फोनवर फोन. शेवटी कैसरनं तोडगा काढला की सम्राटपद सोडतो, पण प्रशियाचा राजा राहतो. घटनेत सम्राटपद प्रशियाच्या राजाकडेच होतं, तेव्हा हे म्हणजे सातबारा आपल्या नावावर ठेवून शेत विकण्यासारखं. त्याचा मसुदा चालू असतानाच प्रिन्स मॅक्सनी बर्लिनमध्ये परस्पर जाहीर करून टाकलं की कैसर आणि युवराज दोघांनीही गादी सोडली. दुपारी दोनच्या सुमारास समाजवाद्यांचे शायडमान यांनी संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताक पुकारलं. एबर्ट त्यांच्यावर भडकले. राज्य कुठल्या प्रकारचं हे घटनासमिती ठरवेल, तुम्ही कोण ठरवणारे, असा त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या दिवशी कैसर हॉलंडच्या हद्दीत शिरला. गादी सोडल्याच्या कागदावर रीतसर सही केली ती २८ नोव्हेंबरला. पुढे डोर्न गावी लाकडं फोडत बसला आणि १९४१ मध्ये तिथेच वारला.

बारा वर्षांच्या पोराला गादीवर बसवून काय साधणार?

नेमकं तेच साधायचं. युद्ध कुणी सुरू केलं, तुमचे मुलगे कुणी मारले, या प्रश्नांना त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. आपल्याकडे बारभाईंनी सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं दिली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. पाळण्यातला पेशवा आणि कारभार नानांचा. नारायणरावांच्या खुनाचा डाग राघोबादादांच्या अंगावर, गादी स्वच्छ. जर्मनीला १९१८ मध्ये अशाच एखाद्या नाना फडणवीसाची गरज होती. प्रिन्स मॅक्स माणूस सभ्य, पण नाना काही नव्हेत.

कीलचं नाविकांचं बंड तरीही झालंच असतं ना?

होय. २४ ऑक्टोबरला आरमाराच्या वरिष्ठांनी चान्सलरला न सांगता शेवटच्या मोठ्या लढाईचा बेत केला. वाटाघाटी चालू असताना आपल्याला मरायला पाठवतायत, हे खलाशांना कळलं आणि विल्हेल्म्सहाफेनला त्यांनी हुकूम मोडला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कील पेटलं. राजा बदलल्यानं दर्यासारंगांची खुमखुमी जात नाही, त्यामुळे बंड माझ्याही कालरेषेत आहे. पण खऱ्या इतिहासात समाजवाद्यांचे नोस्के कीलला गेले आणि तिथलं वातावरण बऱ्यापैकी निवळलं. कैसर आधीच गेलेला असता तर बंडखोरांच्या मागण्यांतली सगळ्यात धारदार मागणी गळून पडली असती, आणि आग बर्लिनपर्यंत पोचायला इंधन कमी पडलं असतं. माझ्या मांडणीतली सगळ्यात कच्ची वीट हीच, आणि ती ओढायला कुणीतरी पहिल्या रांगेतला हमखास हात वर करतो.

हरूनसुद्धा खरंच कुणाची गादी टिकली काय?

टिकली, आणि त्याच युद्धात. बल्गेरिया जर्मनीच्या बाजूनं लढला. २९ सप्टेंबर १९१८ ला त्यानं युद्धबंदीवर सही केली. पुढच्या चारच दिवसांत, ३ ऑक्टोबरला, राजा फर्डिनांड मुलाला गादी देऊन देशाबाहेर गेला. मुलगा बोरिस तिसरा. बल्गेरियातही सैनिकांचं बंड झालं होतं, प्रजासत्ताकाची घोषणासुद्धा झाली होती. पण ज्याच्यावर राग तोच गेल्यावर बोरिसला कुणी हात लावला नाही. तह जाचक झाला, मुलूख गेला, गादी मात्र पुढे २८ वर्षं राहिली.

बोरिसला संत करायची गरज नाही. १९३५ नंतर सत्ता त्याच्याच मुठीत होती आणि १९४१ मध्ये तो हिटलरच्या गोटात गेला. १९४३ मध्ये मूळ बल्गेरियातल्या सुमारे ४८ हजार ज्यूंची पाठवणी थांबली. थ्रेस आणि मॅसिडोनियातल्या ११ हजारांवर ज्यूंची मात्र थांबली नाही. त्याच वर्षी तो वारला आणि सहा वर्षांचा सिमेऑन राजा झाला. १९४६ मध्ये सार्वमतानं राजेशाही संपली. मग गंमत बघा, हाच सिमेऑन २००१ मध्ये निवडणूक जिंकून बल्गेरियाचा पंतप्रधान झाला आणि २००५ पर्यंत राहिला. असं मी कल्पित कालरेषेत घातलं असतं तर निपाणीकरांनी मला व्यासपीठावरून उतरवलं असतं.

आणि जपान?

जपाननं माणूस बदलला नाही, त्याचं काम बदललं. ऑगस्ट १९४५ मध्ये शरण येताना जपानची एकच अट होती, सम्राटाचं स्थान राहू द्या. अमेरिकेनं सरळ हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सम्राटाची सत्ता दोस्तांच्या सरसेनापतीच्या अधीन राहील एवढंच कळवलं. जानेवारी १९४६ मध्ये ते सरसेनापती मॅकआर्थर यांनी वॉशिंग्टनला तार केली की सम्राटावर खटला भरला तर देश सांभाळायला दहा लाख सैन्य लागेल. त्याच महिन्याच्या १ तारखेला हिरोहितोनं आपण देव नसल्याचं जाहीर केलं होतं. ३ मे १९४७ ला नवी घटना लागू झाली, सम्राट राष्ट्राचं प्रतीक उरला आणि १९८९ मध्ये मरेपर्यंत गादीवर होता.

इथे दुसरी गोष्ट लक्षात येते. हरलेली गादी टिकायला जेत्याला ती हवीशी वाटावी लागते. मॅकआर्थरना ती हवी होती. विल्सनना जर्मनीची नको होती, पण फक्त विल्हेल्म नको की राजेशाहीच नको, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं नव्हतं. माझी सगळी कालरेषा त्या मोकळ्या जागेत उभी आहे.

ते राहू दे, आपली पेशवाई टिकली असती काय?

हा प्रश्न न येता व्याख्यान संपलंय असं होत नाही, आणि मलाही यावर बोलायला आवडतं.

आधी पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१ ला एवढी मोठी फौज कापली गेली, तरी पेशवाई पडली नाही. नानासाहेब त्याच जूनमध्ये खचून गेले, सोळा वर्षांचे माधवराव आले. नवा चेहरा, जुन्या पराभवाचं ओझं नाही. अब्दाली जिंकून आपल्या मुलखात परत गेला, त्याला पुण्याची गादी हलवायची नव्हती. दोन्ही गोष्टी जुळल्या. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला धूळ चारली आणि दहा वर्षांच्या आत मराठे दिल्लीत परतले.

आता १८१८. या वेळी जेता पुण्यातच ठाण मांडून होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि बाजीराव पळत सुटले. सातारा घेतल्यावर इंग्रजांच्या एल्फिन्स्टननं ११ फेब्रुवारी १८१८ ला जाहीरनामा काढला: बाजीरावाला गादीवरून काढणार, सातारच्या छत्रपतींना त्यांच्यासाठी राज्य देणार. इथे डोकं बघा. सरदारांना आणि रयतेला सांगितलं जातंय की आमचं भांडण एका माणसाशी आहे, तुमच्या गादीशी नाही. पटवर्धनांसारखे सरदार आधीच बाजीरावांवर नाराज, ते बाजूला झाले. २० फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. आपल्या बेळगावचा किल्ला मन्रोनं त्याच एप्रिलमध्ये घेतला. जूनमध्ये बाजीराव माल्कमला शरण गेले आणि सालाना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला जाऊन राहिले.

म्हणजे १८१८ ला मराठ्यांची एक गादी गेली आणि दुसरी, शिवाजी महाराजांची, हरलेल्या बाजूची असूनही टिकली. टिकली ती जेत्याच्या गरजेवर. गरज ओसरली तशी तीही गेली: १८३९ मध्ये प्रतापसिंहांना काढून काशीला पाठवलं, भाऊ शहाजी आले, ते १८४८ मध्ये वारले आणि डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. एकूण तीस वर्षं.

बाजीराव खडकीच्या आधी, म्हणजे १८१७ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी पुण्याचा तह गळ्यात मारला तेव्हा, भाऊ चिमाजीअप्पाला वस्त्रं देऊन तीर्थयात्रेला निघाले असते तर? पुण्यात एखादं मांडलिक राज्य १९४७ पर्यंत राहिलं असतं, सांगली-कोल्हापूरसारखं. त्याला पेशवाई म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणणार नाही.

मग कित्तूरचं काय?

तिथे इंग्रजांना गादी नकोच होती. देसाई निपुत्रिक वारले, दत्तक मान्य केला नाही, आणि राणी चन्नम्मा लढायला उभ्या राहिल्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या दारात मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला. साताऱ्यावर चोवीस वर्षांनी चालवलेलं दत्तकाचं हत्यार आधी बैलहोंगलच्या या मुलखात वापरून झालं होतं.

जर्मनीत राजा एकच नव्हता म्हणे?

बावीस होते. चार राजे, सहा ग्रँड ड्यूक, पाच ड्यूक, सात प्रिन्स, आणि वर तीन स्वतंत्र शहरं. जर्मन माणसाला हे समजावून सांगावं लागत असेल, बेळगावकराला नाही. बेळगाव इंग्रजांचं आणि लागूनचं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, हे ज्यांच्या आजोबांनी बघितलंय त्यांना एका गावात दोन राज्यं म्हणजे काय ते ठाऊक आहे. सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावनूर, दोन तास गाडी चालवली की तीन संस्थानं ओलांडायची.

या बावीसांत सगळ्यात आधी बव्हेरियाचा राजा गेला, ७ नोव्हेंबरच्या रात्री, कैसरच्याही दोन दिवस आधी. व्युर्टेम्बर्गचा राजा कुत्र्यांना घेऊन स्टुटगार्टच्या रस्त्यांवरून फिरायचा, लोक नमस्कार करायचे, तोही नोव्हेंबरअखेर गेला. त्याच्यावर कुणाचा राग नव्हता; वरची फांदी मोडली म्हणून तो पडला. माझ्या कालरेषेत बव्हेरिया जाते, व्युर्टेम्बर्ग राहतं.

व्हर्सायचा तह सौम्य झाला असता?

नाही. फ्रान्सला सुरक्षितता आणि भरपाई हवी होती, गादीवर कोण बसलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. १९२१ मध्ये ठरलेला १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा आकडा थोडाफार इकडेतिकडे झाला असता एवढंच.

सही कुणाच्या नावानं झाली असती, हा फरक मात्र मोठा. खऱ्या इतिहासात लढाई सेनापतींनी हरली आणि युद्धबंदीवर सही करायला एर्त्सबर्गर या मुलकी माणसाला पुढे केलं. १९२१ मध्ये त्याचा खून झाला. हिंडेनबर्ग १९१९ च्या नोव्हेंबरात संसदेच्या समितीपुढे सांगून मोकळे झाले की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. ती थाप प्रजासत्ताकाच्या मानगुटीवर शेवटपर्यंत बसली. राजाच्या नावानं, राजाच्या सेनापतींसमक्ष तह झाला असता तर खंजीर कुणाच्या हातात दाखवणार? उजव्यांना आपल्याच देव्हाऱ्यावर दगड मारावा लागला असता. गादी टिकण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

मग हिटलर आलाच नसता का?

सगळ्यांना याचं उत्तर 'हो' हवं असतं. चर्चिलनी १९४५ मध्ये तसंच लिहून ठेवलंय, जर्मनीचं होहेनझोलर्न आणि ऑस्ट्रियाचं हाब्सबर्ग ही राजघराणी हाकलली म्हणून त्या पोकळीतून हे जनावर वर आलं, अशा अर्थाचं. मी एवढा ठाम नाही.

इटलीत राजा होता. २८ ऑक्टोबर १९२२ ला मुसोलिनीचे लोक रोमवर चालून आले तेव्हा सरकारनं आणीबाणीचा कागद तयार केला आणि व्हिक्टर इमॅन्युएलनं सही केली नाही. मुसोलिनीला राजानंच बोलावलं. पण त्याच राजानं २५ जुलै १९४३ ला त्याला काढलंही. हिटलरला काढणारा कुणी नव्हता, कारण २ ऑगस्ट १९३४ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले आणि हिटलरनं राष्ट्राध्यक्षपद स्वतःकडे घेऊन सैन्याला आपल्या नावाची शपथ घ्यायला लावली. राजा असता तर ती शपथ राजाच्या नावाची राहिली असती. हिटलर चान्सलर झाला असता असं मी धरतो. सर्वेसर्वा होणं अवघड गेलं असतं.

होहेनझोलर्न घराणं धुतल्या तांदळासारखं होतं असंही कुणी समजू नये. कैसरचा चौथा मुलगा तर नाझी पक्षातच होता. पण माझ्या कालरेषेतला तो बारा वर्षांचा पोरगा, तो खऱ्या इतिहासात १९४० मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन मेला. पॉट्सडॅमला त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. ती बघून हिटलरनं राजघराण्यातल्या तरुणांना आघाडीवरून मागे घ्यायचा हुकूम काढला. गादी जाऊन बावीस वर्षं झाली होती, तरी एवढी धास्ती.

सार्वमत घेऊन सीमा ठरवल्या म्हणता, तसं आपल्याकडे का नाही?

सीमाभागात बोलतोय म्हटल्यावर हा येणारच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या काही सीमा सार्वमतानं ठरल्या. राजा असता तरी ही सार्वमतं झालीच असती, ती जेत्यांनी लादली होती.

त्यातलं श्लेस्विगचं उदाहरण आपण बारकाईनं बघावं असं आहे. १९२० मध्ये डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यात दोन पट्ट्यांत मतदान झालं. उत्तर पट्ट्यात सगळ्या पट्ट्याची मतं एकत्र मोजायची ठरली. सुमारे ७५ टक्के डेन्मार्कच्या बाजूनं पडली आणि अख्खा पट्टा डेन्मार्कला गेला. त्यात टोंडर नावाचं गाव होतं, तिथल्या बहुसंख्यांनी जर्मनीला मत दिलं होतं. तेही गेलं. दक्षिण पट्टा ८० टक्क्यांनी जर्मनीत राहिला. तेव्हाची ती रेघ आजही देशांची सीमा आहे.

खेडं हा घटक धरायचा की तालुका, हा वाद आपल्याकडे खेडं हा घटक धरणाऱ्या पाटसकर सूत्रापासून ऐकतोय. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी-खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला असं सुचवलं, ते कधी अमलात आलं नाही आणि प्रकरण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कागदावर सगळं ठरतं ते मोजायचा घटक निवडताना, हे टोंडरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

२८ एप्रिल १९१६ ला टिळकांनी होमरूल लीग काढली, ती इथे बेळगावात. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे इंग्रज सेनापती टाउनशेंडचं सैन्य तुर्कांना शरण गेलं. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आज बेळगावात जिचं केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पूर्वज पलटणी. इथे स्वराज्य मागितलं जातंय आणि तिकडे आपली पोरं उपासमारीनं शस्त्रं खाली ठेवतायत. युद्ध संपतानाही, ऑक्टोबर १९१८ अखेर शरकतच्या लढाईत ११४ वी मराठा होती.

तुर्की सुलतानाची गादी १ नोव्हेंबर १९२२ ला गेली, खिलाफत ३ मार्च १९२४ ला. त्याच डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. खिलाफतीसाठी त्यांनी देश हलवला होता, आणि टिळकवाडीत तंबू पडले तेव्हा ती गादीच उरली नव्हती, तीही इंग्रजांनी नव्हे तर तुर्कांनीच मोडलेली. हरलेल्या राजाच्या गादीचा प्रश्न त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या आपल्या काँग्रेस विहिरीपर्यंत येऊन गेलाय.

तुम्ही राजेशाहीवाले आहात काय?

नाही. मत द्यायला रांगेत उभा राहतो आणि तेच बरं वाटतं.

तुमचं म्हणणं कुठल्या उदाहरणानं मोडतं?

इटलीनं मोडत नाही. व्हिक्टर इमॅन्युएल मुलाला गादी देऊन गेला ९ मे १९४६ ला आणि सार्वमत होतं २ जूनला. तेवीस-चोवीस दिवसांत कुणाचा चेहरा धुऊन निघतो? तरीही राजेशाहीला एक कोटीच्या वर मतं पडली आणि प्रजासत्ताक ५४ टक्क्यांवर जिंकलं. दोन वर्षं आधी गेला असता तर निकाल फिरला असता, असं मी पैज लावून सांगतो.

मोडतं ते ग्रीसनं. १९२२ मध्ये आशिया मायनरमध्ये तुर्कांनी धुव्वा उडवल्यावर राजा कॉन्स्टंटाइन महिनाभरातच गेला, मुलगा जॉर्ज दुसरा आला. बल्गेरियासारखंच सगळं, तरी १९२४ मध्ये प्रजासत्ताक. कारण असं की ग्रीसमध्ये युद्धाच्या आधीपासून राजाचे आणि पुढारी व्हेनिझेलोसचे असे दोन तट पडले होते. कॉन्स्टंटाइनला १९१७ मध्ये एकदा हाकलून झालं होतं, १९२० मध्ये परत आणून झालं होतं. राग एका माणसावर नव्हता, तो गादीवरच जाऊन बसला होता. अशा ठिकाणी बाप जाऊन मुलगा आला तरी लोकांना तोच तट दिसतो. १९३५ मध्ये जॉर्ज परतला, १९४१ मध्ये जर्मन आल्यावर पळाला, १९४६ मध्ये सार्वमतानं पुन्हा आला. १९७४ च्या डिसेंबरात ग्रीकांनी आणखी एक सार्वमत घेतलं आणि त्यानंतर तिथे राजा आलेला नाही.